शेवटच्या रांगेचा चहा

मामा, तुम्ही जाऊन आज चौदा दिवस झाले. मी अजून सौसरलाच आहे. उद्या दुपारी नागपूरहून माझी ड्यूटी आहे, त्यामुळे सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीने निघावं लागेल. आत मामी तुमच्या सदऱ्यांच्या घड्या करून पेटीत ठेवतेय आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातलाच एखादा परत बाहेर काढतेय. मी दोनदा जाऊन पाहिलं, मग तिला तिचं काम करू दिलं.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. आदर्श शिक्षक, मनमिळाऊ स्वभाव, समाजकार्याची आवड. खोटं काही नाही, पण त्या चार ओळींत तुम्ही मला कुठेच दिसला नाहीत. तुम्ही वाढपी होता, हे लिहायचं कोणाला सुचलंच नाही. लिहिणाऱ्याला ते कमीपणाचं वाटलं असेल. मला तसं वाटू नये म्हणून तुम्ही किती भांडलात, ते त्याला कुठे माहीत?

सौसर, रामाकोना, मोहगाव, कुठेही लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी तुम्हाला निरोप जायचा. धोतर वर खोवून, खांद्यावर दुपट्टा टाकून तुम्ही पंगतीच्या टोकाला उभे राहायचा. स्वतः हातात भांडं क्वचितच घ्यायचा, पण तुमची नजर फिरली की वाढणारे पळायचे. पानात पहिलं मीठ पडायचं, मग बाकीचं. ज्याला कांदा-लसूण चालत नाही त्याने आपला द्रोण उपडा ठेवायचा, म्हणजे भाजी घेऊन येणाऱ्याला प्रत्येकापाशी थांबून विचारावं लागायचं नाही. आणि शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय पहिल्या पानावरच्या माणसाने घास उचलायचा नाही, मग तो नवरदेवाचा बाप का असेना. एका लग्नात मी सात-आठ वर्षांची असताना बुंदी तोंडात टाकली, तर तुम्ही लांबूनच भुवया उंचावल्या. मी ती बुंदी परत पत्रावळीवर काढून ठेवली होती, आठवतं? मामी अजून ते सांगून हसते.

विमानातली नोकरी मला लागली तेव्हा आमच्या पांढुर्ण्याच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. बाबा कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकासमोर गप्प असायचे आणि घरी आले की सुरू व्हायचे. तुम्ही सौसरहून बसने आलात, पायही धुतले नाहीत आणि ओट्यावर बसूनच विचारलंत, "काय झालं?"

"दुकानदाराची पोरगी लोकायले चहा देत फिरन?" बाबा म्हणाले. "हवाई सुंदरी म्हणते म्हणे."

"सुंदरी-गिंदरी जाऊ द्या," तुम्ही म्हणालात. "ते वाढपी होऊन राहिली. मी मास्तर आहो अन् अर्ध्या सौसरले वाढलं मी. माही इज्जत कमी झाली का, सांगा बरं तुम्ही."

बाबांना मेव्हण्याच्या तोंडावर 'हो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणायची तयारी नव्हती. ते पान खायला म्हणून बाहेर गेले. आई तेवढ्यात माझी ट्रंक भरायला लागली. मामा, मी जिथे पोचले ते तुमच्या त्या एका प्रश्नामुळे पोचले, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तुम्हाला मात्र कधी सांगितलं नाही.

आणि अशा तुम्हाला मी काय म्हटलं!

दोन वर्षांनी घरच्या माणसासाठी पास मिळाला. आईला विमानाची भीती, बाबांचा राग अजून उतरायचा होता, म्हणून तुम्ही आलात. इस्त्रीचं धोतर, नवा सदरा, आणि विमान चालवणाऱ्यासाठी म्हणून आपल्या बागेतली पिशवीभर संत्री. नागपूर ते मुंबई, माझ्याच ड्यूटीवर. तुम्हाला मी पाचव्या रांगेत खिडकीशी बसवलं. कानात घालायला दिलेला कापूस तुम्ही नीट घडी करून खिशात ठेवलात आणि चघळायची गोळी तोंडात घातलीत. मी इतकी खूश होते की कोणाकडेही बघून हसत होते.

तुम्हाला माहीत आहे, त्या फेरीत आम्हाला खरं पाहता अर्धा-पाऊण तासच मिळतो. विमान वर चढून सरळ होईपर्यंत उभं राहता येत नाही, उतरायला लागलं की सगळं आवरून बसायचं. मधल्या वेळात शंभरावर लोकांचं जेवण, चहा आणि रिकामे ट्रे गोळा करणं. एक गाडी पुढून निघायची आणि मागे मागे जायची. दर माणसाला विचारायचं, शाकाहारी की मांसाहारी? कोणी कानातला कापूस काढून 'काय?' म्हणायचं. शेवटच्या रांगा सिगारेटवाल्यांच्या. गाडी तिथे पोचेपर्यंत पट्टे बांधायचा दिवा लागायची वेळ व्हायची. त्या लोकांनी घाईघाईने चार घास खायचे आणि चहा तर विसरूनच जायचा. हे रोजचंच होतं. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवशी मी मागच्या बाजूला होते. पुढून घंटीवर घंटी वाजायला लागली म्हणून गेले. पाहते तर काय, चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या रांगेतली माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली. समोर गरम जेवण, आणि खात कोणी नाही. एक सूटवाले गृहस्थ लालबुंद. तुम्ही त्यांना हात जोडून समजावत होता, "थांबा जी, मांगं अजून वाढाचं आहे. शेवटच्या मानसाले भेटू द्या, मंग सुरू करू सारे संगंच."

लोक तुमच्या वयाकडे पाहून थांबले होते, की हा काही विमानाचा नियम असेल असं त्यांना वाटलं होतं, कोण जाणे. सूटवाले मला म्हणाले की मी तक्रार लिहीन. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी वाकून, दात आवळून म्हटलं, "मामा, ही पंगत नाही. विमान आहे. मुकाट्याने जेवा."

तुम्ही म्हणालात, "बरं." बाकीचे जेवायला लागले. तुम्ही मात्र मागे मान वळवून बघत राहिलात. शेवटच्या रांगेत ट्रे पोचला आणि तेवढ्यात दिवा लागला. माझी मैत्रीण पुढून ट्रे गोळा करत आली आणि तुमचा, हातही न लावलेला, उचलून घेऊन गेली. माझ्या विमानातून माझा मामा उपाशी उतरला.

खाली सामानाची वाट बघताना तुम्ही बोलायला सुरुवात केलीत की मागच्यायले चहा भेटलाच नाही, हे बराबर नाही. मी तुम्हाला बोलू दिलं नाही. म्हटलं, "तुम्ही मला सगळ्यांसमोर लाज आणलीत." अगदी असंच म्हटलं. मोठ्याने. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पिशवीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "संत्री द्याची राहिली त्या बावाजीले." मी पिशवी घेतली आणि पायलटला देते म्हणून निघून गेले.

ते शब्द परत घ्यायला मला किती वेळ होता! चार वर्षं. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत, आणि म्हणून मला वाटत गेलं की तुम्ही विसरलात. की मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं?

पंधरा दिवसांनी तुमचं अंतर्देशीय आलं. मला वाटलं, आता कानउघाडणी. उघडलं तर आत विमान. तुमच्या शाळामास्तरी अक्षरात, पट्टीने आखलेलं, प्रत्येक खुर्चीच्या जागी एक पत्रावळ. दोन्ही टोकांना बाण आणि खाली लिहिलेलं: 'एवढी लांब पंगत एका टोकाने वाढायला घेणारा वाढपी मी उभा केला नसता. दोन्हीकडून धरा, मधे भेटा. ज्याला जेवण शेवटी मिळालं त्याला चहा आधी द्या. द्रोणाचं तुला माहीतच आहे.' बाकी मामीची तब्येत, बागेचा बहर आणि 'अनेक आशीर्वाद'.

मी ते पत्र कपाटात ठेवलं. रागाने नाही, पण ठेवून दिलं. मग मागच्या रांगेत एकदा एक बाई रडवेली होऊन म्हणाली की मला गोळी घ्यायची होती, घोटभर चहा तरी द्या, आणि मी तिला पट्टा बांधायला लावला. त्या दिवशी मी कपाट उघडलं.

त्यानंतरची दिवाळीची सुटी ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची सुटी, मामा. तुम्ही शाळेची किल्ली आणलीत. बाकं दोन ओळींत लावलीत, मधे विमानाएवढीच वाट, मी सांगितलेल्या मापाने दोरीने मोजलेली. दवाखान्यातून कंपाउंडरकडून मलमपट्टीच्या चाकांच्या दोन गाड्या मागून आणल्यात. गल्लीतली माणसं प्रवासी म्हणून बसवलीत. जेवण म्हणजे पोहे. तुम्ही दाराशी शाळेची घंटा घेऊन उभे. घंटा झाली की विमान उतरलं, मग कोणाच्या तोंडात काय आहे हे बघायचं नाही.

पहिल्या खेपेला मी हट्टाने आमच्या पद्धतीने केलं आणि मागची तीन बाकं चहावाचून उतरली. "मास्तर, हे विमान पाडा आता," मागून कोणीतरी ओरडलं. मग तुमच्या पद्धतीने. आधी मी गाडी न घेता पुढे गेले, नुसते कागदी पेले मांडत. ज्याला कांदा नको त्याचा पेला उपडा. मग गाड्या आल्या, मामी एका टोकाने, मी दुसऱ्या. विचारणं नाही, थांबणं नाही, उपडा पेला दिसला की साधे पोहे. मधे आमच्या गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा मामी म्हणाली, "आली का तुमची मुंबई?" आणि अख्खी शाळा हसली.

एकच गोष्ट अडली. गाड्या मधे असताना किटली घेऊन कोणी जाऊच शकेना. तुम्ही म्हणालात, पंगतीत वाढपी पलीकडून जातो. मी म्हटलं, मामा, पलीकडे आभाळ आहे. तुम्ही डोकं खाजवलंत आणि गाड्या आल्या वाटेने मागे न्यायला लावल्यात, आणि लगेच दोन किटल्या मधून टोकांकडे. घंटा वाजली तेव्हा सगळ्यांच्या हातात चहा होता. तुम्ही घंटेचा हातोडा हातात धरून लहान पोरासारखे बघत होता.

भांडण उरलं ते एकच. तुमचं म्हणणं, शेवटच्याला मिळेपर्यंत पहिल्याने थांबायला पाहिजे. माझं म्हणणं, गरम अन्न समोर ठेवून माणसाला थांबवायचं हा छळ आहे. "भूक का पळून जाऊन राहिली?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "भात गार होऊन राहिला ना, मामा." दर भेटीत यावरून आपलं वाजायचं. मामी दोघांसमोर ताटं ठेवून म्हणायची, "आता हेच गार होऊन राहिलं," आणि तुम्ही माझ्या ताटात वाढून होईपर्यंत आपल्या ताटाला हात लावायचा नाहीत.

आमच्या मोठ्या मॅडमना पटवायला मला दोन वर्षं लागली. वरच्या ऑफिसात चार ठिकाणी कागद फिरला. शेवटी एका फेरीवर करून बघा म्हणाले. केलं. शेवटच्या रांगेपर्यंत चहा पोचला! मी सुटीत धावत सौसरला आले, दारातूनच ओरडले, "मामा, पोचला!"

तुम्ही संत्र्याच्या झाडाचं आळं करत होता. खुरपं खाली ठेवलंत आणि विचारलंत, "त्या मानसानं चहा पेला, का नुसता भेटला?"

भरलेले पेले तर मीच गोळा केले होते. दिवा लागला तेव्हा मागच्यांनी चहा जेमतेम ओठाला लावला होता. मला तेव्हा तुमचा असा राग आला! एवढं करून आले तर शाबासकी नाही. पण तुम्ही मला बागेतच बसवलंत, मी चहा देताना काय काय करते ते एकेक विचारलंत. किटली उचलते, साखर विचारते, दूध विचारते... तिथे तुम्ही थांबवलंत. "मीठ कोनी इचारून वाढते का? ते पानात पहिलेच असते."

एवढंच. साखरेची आणि दुधाच्या पावडरची पुडी आधीच ट्रेमध्ये. किटलीवाली नुसती ओतत जाईल, ज्याला जे पाहिजे ते तो घालेल. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, मॅडमच्यासुद्धा नाही. मॅडमनी विचारलं होतं, "यह सिखाया किसने?" मी म्हटलं, "हमारे यहाँ के एक वाढपी हैं." त्या बिचाऱ्या तो हुद्दा समजून मान डोलावत राहिल्या.

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या बुधवारी आम्ही ते केलं, मामा. शेवटच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी सावकाश पुडी फाडली, ढवळलं, फुंकर घातली, प्यायले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आणखी मिळेल का?" मिळाला. दिवा लागायच्या आत मिळाला. मी विमानातल्या स्वयंपाकाच्या खोपट्यात जाऊन पडदा ओढला आणि दोन मिनिटं रडले. रविवारी येऊन तुम्हाला सांगणार होते. शुक्रवारी ट्रंक कॉल आला. मामी सांगते, तुम्ही बागेतून आलात, पाणी मागितलंत आणि खुर्चीत बसलात ते बसलात.

तुमच्या मागे आणखी एक झालं. नागपूरच्या सगळ्या छोट्या फेऱ्यांवर आता असंच वाढायचं, असा कागद निघालाय. उद्याच्या फेरीत मला तीन नव्या मुलींना शिकवायचंय. त्यातली एक लोधीखेड्याची आहे, म्हणजे आता तिच्या घरी किती दिवस चूल पेटत नाही ते बघायचं. मला त्या मुलीच्या बापाशी बोलायचं आहे. काय विचारायचं ते मला पाठ आहे.

आणि काल तुमची तेरवी झाली. सकाळपासून माणसं येत होती. पत्रावळी मांडल्या आणि सगळे थबकले, कारण पंगतीच्या टोकाला कोणी उभं नव्हतं. चार-सहा जण एकमेकांकडे बघत होते. तुमच्या हाताखाली पंगती वाढलेले सगळेच, पण त्या जागेवर जाऊन उभं राहायला कोणाचा पाय उचलेना. मामी स्वयंपाकाच्या चुलाणापासून उठली आणि म्हणाली, "नलू उभी राहीन."

एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "बाईमानूस?"

"शंभर लोकायले आभाळात वाढते ते," मामी म्हणाली. "हे तं जमीन आहे."

मी पदर खोचला आणि उभी राहिले. दोन्ही टोकांनी धरलं. द्रोण उपडे होते तिथे कोणी थांबलं नाही. एकामागून एक पंगती उठल्या, कढी कुठे कमी पडली नाही, वडे शेवटपर्यंत गरम निघाले. माझी नजर फिरत होती आणि माणसं पळत होती. मला मजा आली, मामा. तुमच्या तेरवीला मला मजा आली, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

शेवटची पंगत वाढणाऱ्यांची. मामीही बसली. सगळं वाढून झालं असं समजून मी म्हटलं, "होऊ द्या सावकाश," आणि हात धुवायला विहिरीवर गेले. तिथे मला एकदम थकवा आला. पायऱ्यांवर बसले. किती वेळ बसले कोण जाणे, तोंडावर पाणी मारलं, मग तुमचं नाव घेऊन थोडी रडले, परत तोंड धुतलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण मागाहून उरलंसुरलं खाऊ म्हणून मनाशी ठरवून टाकलं होतं.

परत आले तर मांडवात एवढी माणसं बसलेली आणि आवाज कसलाच नाही. सगळ्यांचे हात मांडीवर. भाताची वाफ केव्हाच निवून गेलेली. मामीच्या बाजूला एक पान मांडलेलं, त्यावर कोपऱ्यात मीठ, बाकी रिकामं. मगाचे ते म्हातारे पाहुणे स्वतः भाताचं भांडं घेऊन त्या पानापाशी उभे होते.

"जेवा ना तुम्ही," मी म्हटलं. "गार झालं सगळं."

"बस आधी," मामी म्हणाली. "शेवटचं पान तुहं आहे."

मामा, कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय, भुकेलं थांबलंय, हे माणसाला कसं वाटतं ते मला काल कळलं. शेवटच्या रांगेतल्या, धुरात बसलेल्या, नावगाव माहीत नसलेल्या माणसांसाठी तुम्ही ते करत होता, आणि मी त्याला लाज म्हटलं. मी ते शब्द परत घेते. माझं चुकलं, मामा. भात गार होतो हे खरं, पण मी चुकले.

मी बसले. पाहुण्यांनी वाढलं, वरून वरण घातलं. पंगतभर कोणी हलेना. मी पहिला घास तोंडात घातला, आणि मग सगळे जेवायला लागले.